सुटका कोणाची?



आपल्या धर्मग्रामाच्या पत्रिकेत कुत्र्यावर लेख कशाला, असे काहींना वाटेल. लिहायला बसलो तेव्हा आम्हा दोघांनाही तसेच वाटले. परंतु मागच्या ऑक्टोबरात आमच्या घरी जे घडले त्याविषयी रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात बऱ्याच जणांनी आम्हाला थांबवून विचारले. कोणी हळहळले. कोणी "कुत्रंच ना, दुसरं आणा," म्हणून खांद्यावर थाप मारून गेले. आणि दोघातिघांनी अगदी खालच्या आवाजात विचारले, "तुम्ही त्याला इंजेक्शन देऊन झोपवलंत ना? मग हे पाप नाही का?" या दोघातिघांच्या दारातही म्हातारी कुत्री आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे. त्या वेळी आम्ही काहीबाही बोलून वेळ मारून नेली. ते बरे झाले नाही, म्हणून हा लेख.

आमचा जिमी नऊ वर्षांचा होता. आई अल्सेशियन, बापाचा पत्ता नाही. एका नातेवाइकाने टोमॅटोच्या क्रेटमध्ये घालून आणून दिला तेव्हा तो एवढासा होता. पुढे वाडीची राखण त्याने केली. केळीचे घड उतरवायच्या दिवसांत रात्री बाहेरचा माणूस वाडीत पाऊल टाकीत नसे. संध्याकाळची रोजरी सुरू झाली की तो येऊन आजीच्या खाटेखाली पडायचा आणि शेवटचे 'आमेन' झाले की उठून अंग झाडायचा. प्रार्थना संपली हे त्याला कसे कळायचे कोण जाणे! भक्ती वगैरे काही नाही, रोजरीनंतर जेवण असते एवढे त्याला पक्के माहीत होते. आपल्यापैकीही काहींचे तसेच असते, पण तो वेगळा विषय झाला.

त्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा वाडीत गेला आणि विहिरीच्या कठड्याजवळ त्याचे मागचे पाय एकाएकी गेले. धावत जाऊन पाहिले तर हिरड्या खडूसारख्या पांढऱ्या. आम्ही त्याला गोणपाटावर घालून घरी आणले. दुपारी डोळे किलकिले करून पाणी प्यायला. संध्याकाळी चक्क उठून उभा राहिला आणि भाकरीचा तुकडा खाल्ला! आम्ही देवाचे आभार मानले. ऊन लागले असेल, नाहीतर गोचीड ताप असेल, असे एकमेकांना सांगून झोपलो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी हिरडी दाबून पाहिली, पोटावर हात ठेवला, आणि गप्प झाले. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ५.८. धडधाकट कुत्र्याचे ते १२ च्या वर असते. सोनोग्राफीत पानथरीवर मोसंबीएवढी गाठ दिसली, पोटात रक्त साचलेले दिसले आणि यकृतावरही ठिपके दिसले. त्यांनी आजाराचे नाव सांगितले, हिमँजिओसार्कोमा. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींचा हा कर्करोग. अल्सेशियन, लॅब्राडोर, गोल्डन रिट्रिव्हर अशा मोठ्या जातींत, उतारवयात अधिक आढळतो. गाठ आतल्या आत वाढत राहते, बाहेर काही दिसत नाही. मग एके दिवशी ती फुटते, पोटात रक्तस्राव होतो आणि कुत्रा कोसळतो. रक्तस्राव आपोआप थांबला तर सांडलेले रक्त शरीर पुन्हा शोषून घेते आणि कुत्रा बरा झाल्यासारखा हिंडू लागतो. घरचे फसतात. आम्ही फसलो तसे.

"आधी कळलं असतं तर?" हा आमचा पहिला प्रश्न. नेहमीच्या रक्ततपासणीत हा आजार कळत नाही, असे डॉक्टर म्हणाले. पानथरीवरची प्रत्येक गाठ कर्करोगाचीच असते असे नाही, खात्री पेशींच्या तपासणीनेच होते, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले; पण यकृतावरचे ठिपके पाहता आशा धरू नये. शस्त्रक्रिया करून पानथरी काढली, दुसऱ्या कुत्र्याचे रक्त चढवले, तरी या आजारात साधारण एक ते तीन महिने मिळतात. त्यावर केमोथेरपी दिली तर आणखी काही महिने. वर्ष गाठणारे फार थोडे. शस्त्रक्रिया नाही केली तर काही दिवस किंवा काही आठवडे.

खर्च साठ हजारांच्या घरात होता. आणि इथे आम्हाला एक गोष्ट कबूल करावी लागेल. तो आकडा ऐकून आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि एका मिनिटात हिशेब जुळवला. एक ठेव मोडायची, थोडे भावाकडून घ्यायचे. झाले. बाहेर येऊन रिक्षात बसलो तेव्हा आमच्यातल्या एकाला आठवले, की जूनमध्ये आमच्या वाडीत कामाला येणाऱ्या बाईने नवऱ्याच्या हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दहा हजार मागितले होते आणि आम्ही, "सध्या जमणार नाही," म्हणून दोन हजार तिच्या हातावर ठेवले होते. ती काही बोलली नव्हती. रिक्षा घरी पोहोचेपर्यंत आम्हीही काही बोललो नाही.

ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात, म्हणजे १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅटेकिझममध्ये, प्राण्यांविषयी चार परिच्छेद आहेत, क्रमांक २४१५ ते २४१८. पुढे फादरांनीच ते आम्हाला वाचायला दिले. प्राणी ही देवाची निर्मिती आहे, त्यांच्या नुसत्या असण्यानेही देवाचा गौरव होतो, आणि असिसीचे संत फ्रान्सिस व संत फिलिप नेरी त्यांच्याशी किती हळुवारपणे वागत, याची आठवण तेथे दिलेली आहे. विनाकारण प्राण्यांना यातना देणे किंवा मारणे माणसाला शोभत नाही, असे म्हटले आहे. पण लगेच पुढे असेही म्हटले आहे, की माणसांचे दुःख दूर करण्यासाठी आधी लागणारा पैसा प्राण्यांवर उधळणे हेही तितकेच अनुचित आहे. आणि प्राण्यांवर प्रेम जरूर करावे, मात्र माणसालाच द्यावयाचा जिव्हाळा त्यांच्याकडे वळवू नये. वाचताना ती बाई डोळ्यासमोर आली.

शस्त्रक्रिया करायची नाही, असे आम्ही ठरवले. खरे कारण जिमीच होते. दोन महिन्यांसाठी पोट फाडायचे, त्यातला निम्मा काळ टाके आणि पिंजऱ्यात जायचा, आणि शेवटी यकृतातून रक्तस्राव व्हायचाच. वाचलेले पैसे आम्ही त्या बाईला दिले असे लिहिता आले असते तर हा लेख वाचायला छान झाला असता. दिले, पण सगळे नाही. आठ हजार दिले. ठेव मोडली नाही.

ही गोष्ट अशी चालू असताना खरा घाव दुसरीकडेच बसत होता, आणि आमच्या ते लक्षातही आले नव्हते.

आमच्या घरी आजी आहे. वय ८६. तीन वर्षांपूर्वी पक्षाघाताने तिची उजवी बाजू गेली. तिची खाट पुढच्या खोलीत, खिडकीशी. तिला भरवावे लागते, कूस बदलावी लागते, बाकीचेही सारे खाटेवरच. सून आणि मुलगा म्हणून आम्ही ते करतो. कौतुक सांगावे असे त्यात काही नाही, आपल्या धर्मग्रामात अनेक घरांत चालले आहे. तर जिमीच्या आजाराच्या तिसऱ्या दिवशी आम्ही स्वयंपाकघरात बोलत होतो. "असं लोळत पडण्यापेक्षा सुटका झालेली बरी." "हाल बघवत नाहीत." "आणि किती दिवस असं काढायचं?" भिंत काही जाड नाही.

त्या रात्री आजी जेवली नाही. भूक नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच. दुपारी धाकटीने पेजेचा चमचा तोंडाशी नेला तेव्हा आजीने तिला विचारले, "तुझे आईबाप माझ्याविषयी बोलत होते का गं?"

बंधुभगिनींनो, आम्ही ती वाक्ये पुन्हा मनात म्हणून पाहिली. त्यातला एक शब्दही बदलावा लागत नव्हता! लोळणे, हाल, किती दिवस, सुटका. कुत्र्यासाठी जे करुणेने बोललो तेच तसेच्या तसे आजीच्या अंगावर गेले होते. मग एकाच्या बाबतीत जी दया, ती दुसऱ्याच्या बाबतीत खून कशी? आणि आजीच्या बाबतीत ती खून असेल, तर जिमीच्या बाबतीत दया कशी?

पहिले उत्तर सुचते ते असे, की माणसाला बुद्धी आहे, वाचा आहे. तो आपले दुःख देवाला अर्पण करू शकतो, पश्चात्ताप करू शकतो, साक्रामेंत स्वीकारू शकतो, लेकरांना चार शब्द सांगू शकतो. कुत्र्याला उद्या नसतो. त्याच्या दुखण्याला आजच्यापलीकडे काही अर्थ नाही. हे खरे आहे. पण एवढ्यावर थांबलो तर फार धोका आहे. ज्याची वाचा गेली, शुद्ध गेली, त्याचे काय? मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग आपल्या सर्वांना आठवत असतील. नोव्हेंबर १९७३ मध्ये त्यांच्यावर झालेल्या अत्याचारानंतर मेंदूला इजा होऊन त्या तशाच पडून राहिल्या, एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ. त्यांना मरण द्यावे म्हणून झालेला अर्ज सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळला. त्याच निकालाने काही अटींवर उपचार थांबवण्याची वाट देशात प्रथमच मोकळी केली, हा भाग निराळा. आमच्या मनात राहिल्या त्या रुग्णालयातील परिचारिका. नव्या नव्या मुली नोकरीला लागल्या, जुन्या निवृत्त झाल्या, आणि त्यांनी मे २०१५ मध्ये न्यूमोनियाने मृत्यू येईपर्यंत अरुणाताईंना न्हाऊमाखू घातले, भरवले. अर्जाला त्यांचा विरोध होता. अरुणाताई त्यांना बोलून काहीच देऊ शकत नव्हत्या. तेव्हा माणसाचे मोल त्याच्या बोलण्यात किंवा समजण्यात नाही. ते आणखी कुठेतरी आहे. आपण म्हणतो, माणूस देवाच्या प्रतिमेत घडवलेला आहे. पक्षाघाताने ती प्रतिमा पुसली जात नाही. यंत्रांनी उगाच श्वास लांबवत बसावे असे ख्रिस्तसभा म्हणत नाही, अवाजवी उपचार नाकारता येतात; पण प्राण घेणे निराळे.

मग कुत्र्याचे काय? त्याच्या बाबतीत आपल्याला हा अधिकार कोणी दिला? उत्पत्तीच्या पुस्तकात देवाने प्राणी आदामापुढे आणले आणि त्याने त्यांना नावे दिली, असे आहे. नाव देणे म्हणजे जबाबदारी घेणे. आम्ही जिमीला नाव दिले त्या दिवसापासून त्याच्या आयुष्यातला एकही निर्णय त्याचा राहिला नाही. काय खायचे ते आम्ही ठरवले, कधी बांधायचे ते आम्ही ठरवले, लस, गळ्यातला पट्टा, पिल्ले होऊ द्यायची की नाही, सारे आम्हीच. नऊ वर्षे सगळा कारभार आपल्या हाती ठेवायचा आणि दहाव्या वर्षी वेदनेची रात्र आली की, "आता देवाची इच्छा," म्हणून बाजूला व्हायचे, ही श्रद्धा नव्हे. ही पळवाट आहे. आपल्या देशाच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही, ज्याला जिवंत ठेवणे हीच क्रूरता ठरेल अशा प्राण्यासाठी तरतूद आहे.

आजी आमच्या ताब्यात नाही. आम्ही तिला नाव दिलेले नाही, तिनेच आमच्यातल्या एकाला दिले. ती आमच्या आधारावर आहे, पण आमची नाही. हा फरक आम्हाला पुस्तकाने नीट समजावला असता की नाही कोण जाणे. तो आजीनेच समजावला.

त्या दुपारी आम्ही दोघे तिच्या खाटेशी बसलो आणि सरळ सांगितले, की बोलणे जिमीचे होते, तुझे नव्हते. पण ते तुझ्या कानावर गेले ही आमची चूक. ती बराच वेळ छताकडे पाहत राहिली. मग त्या अर्ध्या वळणाऱ्या जिभेने म्हणाली, "मी देवाची वाट बघते रे. तो कुणाची बघतो? तुमचीच ना? मग त्याचं तुम्हीच बघायला पाहिजे." आणि थोड्या वेळाने, "पण तो सुटकेचा शब्द घरात नको."

तेव्हापासून तो शब्द आम्ही घरात वापरत नाही. कोणी भेटायला येऊन आजीसमोर, "आता देवाने सोडवलं तर बरं," असे म्हणू लागले की आम्ही त्यांना चहाच्या निमित्ताने आत बोलावतो. (आपण असे किती सहज म्हणतो, आजाऱ्याच्या खाटेशी उभे राहून!)

आणखी एक गोष्ट लक्षात आली. जिमीजवळ आम्ही रात्री पाळीने बसत होतो. बाराला एक उठे, तीनला दुसरा. आजी त्याच खोलीत होती. तीन वर्षांत तिच्याजवळ आम्ही असे पाळीने किती रात्री बसलो? पहिल्या आठवड्यात बसलो असू. पुढे सवय झाली. सकाळी पुसणे, दुपारी भरवणे, कामाचा भाग झाला. माणसाला द्यावयाचा जिव्हाळा प्राण्याकडे वळवू नये, हे वाक्य आम्हाला आधी पैशांच्या बाबतीत टोचले होते. आता ते झोपेच्या बाबतीत टोचले. तरी एक सांगू? जिमीजवळ बसलो म्हणूनच त्या रात्री आजीजवळही बसणे झाले. तिलाही झोप नसे. ती लहानपणच्या गोष्टी सांगत राही, बावखलात पोहल्याच्या, पहाटे भाजीची पाटी घेऊन निघाल्याच्या. त्यातल्या निम्म्या आम्ही कधीच ऐकलेल्या नव्हत्या.

डॉक्टरांनी वेदनेच्या गोळ्या दिल्या होत्या आणि एक साधी गोष्ट करायला सांगितली होती. रोज रात्री कॅलेंडरवर खूण करायची, आजचा दिवस त्याला चांगला गेला की वाईट. खाल्ले का, स्वतःहून उठला का, आपण हाक मारल्यावर शेपूट हलली का. वाईट दिवस चांगल्यांपेक्षा जास्त होऊ लागले की समजायचे. आम्हाला आधी हे जरा कोरडे वाटले, किराण्याच्या हिशेबासारखे. पण त्याचा उपयोग असा झाला, की निर्णय आमच्या रडण्यावर राहिला नाही. "बघवत नाही" हे वाक्य फसवे आहे. त्यात हाल त्याचे असतात आणि तक्रार आपली. ज्या दिवशी आपल्याला बघवत नाही त्याच दिवशी निर्णय घेतला, तर तो कुणासाठी घेतला हे नंतर सांगता येत नाही. आणि उलटही तेच. "अजून थोडे दिवस राहू दे," हेही पुष्कळदा आपल्यासाठीच असते. आमच्यातला एकजण पहिल्या बाजूला झुकत होता, दुसरा दुसऱ्या. कॅलेंडर दोघांच्या मध्ये लटकत होते.

पाच दिवस चांगले गेले. एके दिवशी तर तो वाडीच्या टोकापर्यंत चालत गेला आणि शेजारच्या मांजराकडे पाहून भुंकला. सहावा वाईट. सातवा बरा. आठवा वाईट. नवव्या रात्री दोन वाजता पोट पुन्हा फुगले, हिरड्या पांढऱ्या झाल्या, तो धापा टाकू लागला. कुठल्याही कुशीवर त्याला राहवेना. उठायचा, पडायचा, पुन्हा उठायचा. कॅलेंडर पाहण्याची गरज राहिली नव्हती. डॉक्टर पहाटे घरी आले, याबद्दल आम्ही त्यांचे जन्माचे ऋणी आहोत.

त्यांनी आधी गुंगीचे इंजेक्शन दिले. धाप शांत झाली. मग म्हणाले, "दुसऱ्या इंजेक्शननंतर डोळे उघडेच राहतील, घाबरू नका." आम्ही मुलांना विचारले होते. धाकटी आत आजीजवळ राहिली, थोरला जिमीचे डोके मांडीवर घेऊन बसला. चार-पाच मिनिटांत सारे झाले. डोळे खरेच उघडे राहिले. आधी सांगितले नसते तर आम्ही हबकलो असतो.

खड्डा खोल खणा, असे डॉक्टर जाताना बजावून गेले. औषध शरीरात राहते. भटक्या कुत्र्यांनी किंवा पक्ष्यांनी उकरून खाल्ले तर तेही मरतील. वाडीत विहिरीपासून दूर, चिकूच्या झाडाखाली, छातीएवढा खड्डा खणला. वाडीतल्या त्या बाईचा नवरा, ऑपरेशन होऊन नुकताच उठलेला, फावडे मागू लागला. आम्ही त्याला हात लावू दिला नाही, तर तो बाजूला उभा राहून कसे खणायचे ते सांगत राहिला. शेजारचे काका आले. त्यांनी धर्मराजाची गोष्ट काढली. सगळे भाऊ वाटेत पडल्यावर एक कुत्रा तेवढा मागे राहतो, आणि त्याला टाकून स्वर्गात यायला धर्मराज नकार देतो. आम्हाला आपल्या बायबलमधील तोबीत आठवले. तरुण तोबिया रफाएल देवदूताबरोबर दूरच्या प्रवासाला निघतो तेव्हा त्याचा कुत्रा बरोबर निघतो. परततानाही तो बरोबर असतो. गोष्टीत त्याला काही काम नाही. तो चमत्कार करत नाही, कोणाला वाचवत नाही. नुसता बरोबर असतो. संत जेरोम यांच्या लॅटिन भाषांतरात तर तो शेपूट हलवत पुढे धावतो.

धाकटीने विचारायचे ते विचारलेच. "जिमी स्वर्गात गेला का?" तिच्या वर्गातल्या कुणीतरी तिला सांगितले होते, की कुत्र्यांना आत्मा नसतो. वास्तविक संत थॉमस अक्वायनस यांनीही प्राण्यांना आत्मा नाही असे म्हटलेले नाही. तो शरीराबरोबर संपतो, असे त्यांचे मत होते. डिसेंबर २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी एका मुलाला, तुझा कुत्रा तुला स्वर्गात भेटेल, असे सांगितल्याची बातमी जगभर छापून आली होती. ती चुकीची निघाली. तसली गोष्ट फार पूर्वीचे पोप सहावे पॉल यांच्याविषयी सांगतात. त्याच पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२२ मध्ये, मुले नको म्हणून कुत्री-मांजरे पाळणाऱ्या जोडप्यांना चांगलेच फटकारले होते, तेव्हा त्यांना भाबडे प्राणिप्रेमी म्हणता येणार नाही. पण 'लाउदातो सी' या २०१५ च्या परिपत्रकाच्या शेवटाकडे त्यांनी अनंत जीवनाविषयी लिहिताना म्हटले आहे, की प्रत्येक सृष्ट वस्तू तेजस्वी होऊन तेथे आपापली जागा घेईल. संत पौल रोमकरांना लिहितात, की सारी सृष्टी कण्हत आहे आणि मुक्ततेची वाट पाहत आहे. ख्रिस्तसभेने कुत्र्यांच्या स्वर्गाविषयी कोणताही सिद्धान्त ठरवून दिलेला नाही. आम्ही धाकटीला हे एवढे सगळे सांगितले नाही. चिमण्यांचा हिशेब ठेवणारा देव जिमीला विसरणार नाही, इतकेच सांगितले. ती म्हणाली, "विसरणार नाही म्हणजे ठेवणार, की नुसतं लक्षात ठेवणार?" तिच्या धर्मशिक्षण शिक्षिकेला आमचा नमस्कार.

राहता राहिला तो खालच्या आवाजातला प्रश्न. आम्ही फादरांकडे गेलो होतो. हे पापनिवेदनात सांगायचे का, असे विचारले. फादर म्हणाले, वेदना थांबवण्यासाठी केलेत त्यात सांगण्यासारखे पाप नाही. बाकी काही असेल तर सांगा. आमच्याजवळ बाकी होते. दोन हजार होते, पुढच्या खोलीतल्या रात्री होत्या. ते सांगितले. मग आम्ही विचारले, की जिमीसाठी मिस्सा ठेवता येईल का. ते हसले. म्हणाले, मिस्सा मयतांसाठी आणि जिवंतांसाठी असते. तुम्ही उपकारस्तुतीची ठेवा, देवाला कळेल कशाबद्दल ते. ख्रिस्तसभेच्या आशीर्वादविधींच्या पुस्तकात प्राण्यांना आशीर्वाद देण्याचा विधीही आहे, हे त्यांनीच सांगितले. पुढच्या ४ ऑक्टोबरला, संत फ्रान्सिस यांच्या सणाला, आवारात तो ठेवता येईल का याचा ते विचार करत आहेत. ज्यांच्या दारात म्हातारी कुत्री आहेत त्यांनी फादरांना जरूर भेटावे.

आमच्या घरात मात्र एकमत झालेले नाही. थोरला म्हणतो, आठव्या दिवशीच करायला हवे होते, ती शेवटची रात्र जिमीने उगाच भोगली. आजी म्हणते, तो सातव्या दिवशी किती छान शेपूट हलवत होता. दोघांचेही बरोबर आहे असे वाटते. रोजरी आता आम्ही आजीच्या खाटेभोवती बसून करतो, आणि शेवटच्या 'आमेन'नंतर लगेच कोणी उठत नाही.